कापसाची खोली आणि दोन स्पीकर

लहानपणी आमच्या घराचा आवाज वर्षातून दोनदा बदलायचा. कापूस वेचून आला की भाव चढायची वाट बघत वडील तो मधल्या खोलीत भरून ठेवत. दिवाळीनंतर ढीग पार कड्यांना टेकायचा. त्या खोलीच्या दारात उभं राहून हाक मारली की ती पुढे जायचीच नाही, तोंडापाशीच विरून जायची. मग माघ-फाल्गुनात कधीतरी व्यापाऱ्याची गाडी दाराशी लागायची, खोली झाडून रिकामी व्हायची आणि तीच हाक चारही भिंतींवर आपटून अंगावर यायची. दाराशेजारच्या कोनाड्यात वडिलांचा ट्रान्झिस्टर असे. कापूस असेपर्यंत आकाशवाणी जळगावच्या निवेदकाचा शब्द न् शब्द सुटा ऐकू यायचा. खोली रिकामी झाली की त्याच निवेदकाच्या प्रत्येक शब्दाला शेपूट फुटायचं. ट्रान्झिस्टर तोच, कोनाडा तोच. बदललेली असायची ती खोली.

आपण स्पीकर घेतो तेव्हा हीच गोष्ट विसरतो. दुकानात पेटीची किंमत बघतो, वॅट विचारतो, घरी आणून जिथे प्लग आहे तिथे ठेवून देतो. कानावर येतं ते मात्र पेटी आणि खोली मिळून तयार झालेलं असतं. म्हणून कोणी मला विचारलं की कोणते स्पीकर घेऊ, तर मी आधी विचारतो, आहेत ते कुठे ठेवलेत?

अमळनेरच्या माझ्या मामेभावाने नवं घर बांधलं. पुढची खोली दहा बाय बाराची, वर दहा फुटांवर स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स, भिंतींना पुट्टी आणि वर ऑइलपेंट. हौसेने दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर आणले होते. एक शोकेसच्या माथ्यावर, दुसरा सोफ्याच्या कोपऱ्यात जमिनीवर. गाणं लावलं की नुसता गलका. बेस ढब ढब करायचा, गाणाऱ्याचे शब्द कळायचे नाहीत. तो म्हणाला, "भाऊ, हे विकून टाकतो, मोठे घेतो." मी म्हटलं, एक रविवार दे मला.

स्टिरिओ म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. १९३१ साली लंडनमध्ये ईएमआय कंपनीतल्या अ‍ॅलन ब्लमलाइन या इंजिनीअरने याचं पेटंट दाखल केलं. त्या काळी सिनेमात आवाज एकाच ठिकाणाहून यायचा. नट पडद्याच्या डाव्या बाजूला असो की उजव्या, बोलणं तिथूनच. ब्लमलाइनला आवाज नटाबरोबर सरकवायचा होता. त्यासाठी त्याने आपल्या दोन कानांचा आणि मेंदूचा स्वभाव वापरला. दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज, सारख्याच जोराने, एकाच क्षणी दोन्ही कानांवर आला, तर मेंदू दोन आवाज ऐकतच नाही. तो एकच आवाज ऐकतो, आणि तो ठेवतो दोघांच्या बरोबर मध्ये, जिथे प्रत्यक्षात काहीच नाही. एका बाजूचा जोर थोडा वाढवला की तो आवाज तिकडे सरकतो. गाणारी मध्ये, सारंगी थोडी डावीकडे, तबला थोडा उजवीकडे, अशी बैठक रिकाम्या भिंतीसमोर मांडता येते. यालाच स्टिरिओ म्हणायचं.

पण ही मांडणी फार नाजूक असते. आवाजाला एक फूट जायला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका सेकंदाचा हजारावा भाग, त्याहूनही थोडा कमी. हे अंतर क्षुल्लक वाटतं, पण मेंदूला ते पुरतं. तुम्ही एका स्पीकरच्या फूटभर जवळ बसलात की त्याचा आवाज मिलिसेकंदभर आधी पोचतो आणि मध्ये बसलेली गायिका उठून त्या पेटीत जाऊन बसते. मामेभावाकडे एक पेटी डोक्यावर तीन फूट आणि दुसरी घोट्याशी होती. तिथे मध्य शोधणार तरी कुठे?

वायर, सुतळी आणि आजी

जागेला हात लावायच्या आधी वायर बघा. स्पीकरच्या मागे लाल आणि काळी अशी दोन टोकं असतात, अ‍ॅम्प्लिफायरलाही तशीच. दोन्ही बाजूंना लाल ते लाल, काळं ते काळं हवं. एका बाजूला उलटं जोडलं गेलं तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोघं एकमेकांचं काम पुसून टाकतात. बेस पातळ होतो आणि मधला आवाज कुठून येतोय तेच कळत नाही, डोक्याभोवती धुकं असल्यासारखं वाटतं. असे उलटे जोडलेले स्पीकर मी चांगल्या-चांगल्या घरांत पाहिलेत, आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. मामेभावाची वायर सुदैवाने बरोबर होती.

मग आम्ही दोन्ही पेट्या दहा फुटांच्या भिंतीसमोर, सारख्या उंचीच्या दोन स्टुलांवर ठेवल्या. वरचा छोटा स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीत आला पाहिजे, कारण बारीक स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. झोत डोक्यावरून गेला तर झांजांची किणकिण आणि शब्दांमधला 'स' बोथट होतो. दोन पेट्यांमध्ये सहा फूट ठेवले. ऐकणाऱ्याची खुर्चीही प्रत्येक पेटीपासून सहा-साडेसहा फुटांवर, म्हणजे जवळपास समभुज त्रिकोण. हे मोजायला टेपपेक्षा सुतळी बरी. एकाने खुर्चीत बसून टोक नाकाशी धरायचं, दुसऱ्याने एका ट्वीटरपर्यंत ताणून गाठ मारायची आणि तीच गाठ दुसऱ्या ट्वीटरला लागते का बघायचं. आमची गाठ चार बोटं कमी पडली. तेवढं स्टूल सरकवलं.

शेवटी दोन्ही पेट्यांची तोंडं किंचित आत वळवली, खुर्चीच्या जरा मागे बघतील एवढीच. पूर्ण आत वळवली तर काही स्पीकर कानाला टोचतात, सरळ ठेवली तर मधला आवाज पसरट होतो. हे प्रत्येक पेटीचं वेगळं असतं, कानानेच ठरवावं लागतं.

एक जुनं भावगीत लावलं आणि आजीला खुर्चीत बसवलं. ती दोन ओळी ऐकत राहिली. मग म्हणाली, "आठे मझार कोन गाई राह्यनं?" म्हणजे, इथे मध्ये कोण गातंय? आणि उठून दोन पेट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, भिंतीपाशी जाऊन बघून आली. अजून एक पैसाही खर्च झाला नव्हता.

बेस घुमतो तो का

एवढं करूनही ढब ढब होतीच. ती पेटीतून नाही, भिंतींमधून येते.

ढोबळपणे सांगायचं तर खोली ही एक मोठी शिट्टी आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एखादा खर्जातला सूर नेमका बसला, तर तो जाऊन-येऊन स्वतःलाच जोर देत राहतो. बारा फुटांच्या लांबीत हा सूर साधारण ४८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४८ कंपनांचा निघतो, दहा फुटांच्या रुंदीत ५७ चा. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची असते, म्हणजे हे सगळं थेट बेसच्या राज्यातलं आहे. आमच्या या खोलीची उंचीही दहाच फूट, म्हणजे ५७ हर्ट्झला रुंदी आणि उंची दोघीही मिळून पाठिंबा देतात. दहा बाय दहा बाय दहाची खोली सगळ्यात वाईट ती याचमुळे. तिथे तिन्ही बाजू एकाच सुरावर अडून बसतात आणि तो एक सूर सगळ्या गाण्यावर राज्य करतो.

हा घुमणारा सूर खोलीत सगळीकडे सारखा नसतो. भिंतीला आणि कोपऱ्याला चिकटून तो सगळ्यात जोरात असतो, आणि लांबीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ गायब. म्हणून मागच्या भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावर बेस अंगावर येतो आणि बरोबर मधल्या खुर्चीत बसलं तर तो हरवल्यासारखा वाटतो. या दोन्हींच्या मध्ये बसायचं. सुरुवात म्हणून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून बघायची रीत आहे. बारा फुटांच्या खोलीत मागच्या भिंतीपासून साधारण साडेचार फूट. आम्ही खुर्ची तिथेच ठेवली होती. हा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नाही, वीतभर पुढे-मागे सरकून बघा.

पेटीलाही हाच न्याय. कोपऱ्यात ठेवली की खालचे सूर फुगतात, कारण भिंत आणि जमीन तो आवाज परत पुढे ढकलतात. काही दुकानदार कोपऱ्यातला तोच बेस ऐकवून पेटी विकतात. पेटी भिंतीपासून पुढे ओढली की दुसरी अडचण येते. पेटीतून मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि एका ठरावीक सुरावर तो नेमका उलटा होऊन पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. भिंत तीन-सव्वातीन फुटांवर असेल तर हा खड्डा ८७ हर्ट्झच्या आसपास पडतो, दीड फुटांवर असेल तर १९० च्या आसपास. खड्डा पडणारच. मात्र मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन या तिन्हींपासून पेटीचं अंतर सारखं असेल, तर तिन्ही खड्डे एकाच जागी पडून विहीर होते. म्हणून आम्ही मागे दीड फूट, बाजूला दोन फूट आणि जमिनीपासून तीन फूट असं वेगवेगळं ठेवलं. खड्डे पांगले.

पेटीची जागा ठरत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. पेटीच बसायच्या जागेवर ठेवायची, बेस भरपूर असलेलं गाणं लावायचं आणि आपण खोलीत फिरायचं, कान पेटीच्या उंचीवर ठेवून. जिथे बेस ना फुगलेला, ना हरवलेला, नुसता स्वच्छ ऐकू येतो, तिथे खडूने खूण करायची. पेटीची जागा तीच. आवाज इकडून तिकडे गेला काय आणि तिकडून इकडे आला काय, खोलीला फरक पडत नाही.

आपल्याकडे या हिशोबात उन्हाळाही येतो. गरम हवेत आवाज जोरात पळतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना तो सेकंदाला साधारण ३३७ मीटर जातो, मे महिन्यात ४५ अंशांना ३५८ मीटर. फरक सहा टक्क्यांचा, म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यात असतो जवळजवळ तेवढा. खोलीच्या आत तापमानात एवढी तफावत पडत नाही, पण घुमणारा सूर उन्हाळ्यात वर सरकतो हे खरं. शिवाय एप्रिल लागला की कूलर सुरू होतो आणि त्याच्या घरघरीत तानपुऱ्याची आस बुडून जाते. मी त्या दिवसांत पहाटे ऐकतो.

गादीचं काम

बेस आटोक्यात आला तरी खोली वाजतच होती. खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवून बघा. टाळीनंतर "टर्रर्र" असा पत्र्यासारखा आवाज आला, तर दोन समोरासमोरच्या गुळगुळीत भिंती ती टाळी चेंडूसारखी एकमेकींकडे फेकताहेत. मामेभावाच्या खोलीत ती स्पष्ट ऐकू येत होती.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर असंच एक काम सोपवलं गेलं. नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं, एक शब्द विरायच्या आत पुढचे कितीतरी शब्द त्यावर येऊन पडत. सबाइनने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायला सुरुवात केली. ऑर्गनच्या नळीचा सूर वाजवायचा, थांबवायचा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. मग आणखी गाद्या आणून परत मोजायचं. सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी. त्यातून त्याला सूत्र सापडलं. आवाज विरायला लागणारा वेळ खोलीच्या आकारमानाबरोबर वाढतो, आणि खोलीत आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो घटतो. हे मोजायला त्याने माप धरलं ते उघड्या खिडकीचं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. त्याच्या सल्ल्याने बांधलेलं बॉस्टनचं सिंफनी हॉल १९०० साली उघडलं आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणलं जातं.

तेच सूत्र दहा बाय बाराच्या रिकाम्या, टाइल्स-पुट्टीच्या खोलीला लावलं तर उत्तर येतं तीन सेकंदांच्या जवळपास. घरात गाणं ऐकायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवं. त्यासाठी सुमारे ११ चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं शोषण लागतं. सोफा, पडदे, दोन-तीन माणसं मिळून त्याचा चांगला हिस्सा उचलतात. उरलेल्यासाठी पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या चार गाद्या पुरतात, आणि खानदेशातल्या कुठल्या घरात चार जास्तीच्या गाद्या नसतात?

गादी आवाज पिते म्हणजे काय करते, तर हवेला दमवते. आवाज म्हणजे हवेचं पुढे-मागे हलणं. ती हवा कापसाच्या लाखो तंतूंमधून वाट काढताना घासते आणि तिची हालचाल किंचितशी उष्णता होऊन संपते. यात एक मेख आहे. भिंतीला अगदी लागून हवा हलूच शकत नाही. दाव्याचं एक टोक खुंट्याला बांधून दुसरं हलवून बघा, खुंट्याशी दावं स्थिर असतं आणि दूर गेल्यावर उसळतं. हवेचं तसंच. म्हणून गादी भिंतीला चिकटवली तर तिच्या मागच्या भागाला कामच मिळत नाही. चार इंची गादी भिंतीपासून चार इंच पुढे ठेवली की ती आठ इंचांच्या थोडी जवळ जाणारी कामगिरी करते. मधली हवा फुकटची.

गादी लावायची कुठे, ते आरसा सांगतो. खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्याने आरसा बाजूच्या भिंतीवर सरकवत न्यायचा. आरशात जिथे स्पीकर दिसतो, तिथूनच आवाजाचा पहिला उसळा कानाकडे येतो. हा उसळा मूळ आवाजानंतर काही मिलिसेकंदांत पोचतो. एवढ्या लवकर आला की मेंदू तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकत नाही, मूळ आवाजातच मिसळून टाकतो, पण त्याने आवाजाचा रंग बदलतो आणि गाणारीची जागा पुसट होते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर अशा जागा सापडल्या, तिथे एकेक गादी. उरलेल्या दोन खुर्चीमागच्या भिंतीवर.

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल मात्र लावू नका. थर्माकोलमध्ये हवा शिरतच नाही, मग दमणार कुठून? रेक्झिनचं आवरण असलेली गादीही निम्म्या कामाची. कापडाला तोंड लावून फुंकर मारायची. फुंकर पार गेली तर आवाजही जाईल.

मामी गाद्यांवर नाराज होती. "पाव्हणे काय म्हणतील, भिंतीला गाद्या टांगल्या म्हणून?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, घर तिचंही आहे. मग सुताराकडून साध्या लाकडी चौकटी करून घेतल्या, गाद्या त्यांत बसवल्या आणि वरून आजीची दोन जुनी सुती लुगडी ताणून लावली, काठ खाली येईल अशी. कापूस पेट घेतो, म्हणून प्लग आणि वायरींपासून चौकटी दूर ठेवल्या. पावसाळ्यानंतर एकदा त्या काढून उन्हात टाकायच्या, हेही ठरलं.

खर्जाला या गाद्या फारशा पुरत नाहीत, हे सांगायला हवं. ५० हर्ट्झची लाट सात मीटर लांब असते, चार इंची कापूस तिला अडवू शकत नाही. तिच्यासाठी पेटीची आणि खुर्चीची जागाच खरी. जागा असेल तर कोपऱ्यांत जमिनीपासून वरपर्यंत कापसाने भरलेली गोणपाटं रचून बघावीत, थोडा फरक पडतो. मामेभावाच्या दोन कोपऱ्यांत दारं होती. तिथे आम्ही दारंच उघडी ठेवली, सबाइनच्या खिडकीसारखी.

त्यानंतर वैशाखात घरात लग्न निघालं. पाहुण्यांना झोपायला गाद्या कमी पडल्या, तेव्हा मामीने चौकटी उघडून चारही काढून गच्चीवर नेल्या. आठ दिवसांनी मी गेलो तेव्हा रिकाम्या चौकटींवर नुसती लुगडी होती. मी काही बोलायच्या आधीच मामी म्हणाली, "टीव्हीतलं बोलणंबी कळत नाही रे आता. घर पुन्हा वाजायला लागलं." आणि खोलीच्या मध्ये जाऊन तिने एक टाळी वाजवून दाखवली. संध्याकाळी आम्ही दोघांनी गाद्या गच्चीवरून खाली आणल्या. दिवसभराच्या उन्हाने त्या फुगून आल्या होत्या. चौकटीत बसवताना मामीने मला सांगितलं, भिंतीपासून चार बोटं जागा ठेव.